गव्हाच्या दाण्याएवढा चुना

निरगुडसरला बयाबाईच्या स्वयंपाकघरात, गॅसच्या ओट्यावरच्या फळीवर मिठाची बरणी आणि चहाचा डबा यांच्या मध्ये जो ठेंगणा पितळी खलबत्ता बसलेला दिसतो ना मित्रांनो, तो मी. उंची वीतभरही नाही. मसाल्याच्या त्या दांडग्या लोखंडी खलबत्त्यांशी माझं नातं जोडू नका. मी पानाचा खलबत्ता. ज्यांचे दात गेले पण पानाची तल्लफ गेली नाही, अशा म्हाताऱ्या माणसांसाठी आमची जात जन्माला आली.

जुन्नरच्या एका ओताऱ्याने मला ओतलं. मोडीत आलेली भांडी वितळवून त्याने रस केला होता. त्यात एक चेपलेला तांब्या होता, देवघरातली वाकडी समई होती, आणखी काय काय होतं. त्यामुळे माझ्या अंगात किती घरांचं पितळ आहे ते मलाच ठाऊक नाही. बत्ता माझ्याबरोबरच ओतला गेला. लोक आम्हा दोघांना एकाच नावाने ओळखतात, पण खल मी आणि बत्ता तो. तो वरून घाव घालतो, मी खालून सोसतो. बयाबाईचे मालक सावळेराम आमच्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "संसार म्हंजी तरी दुसरं काय असतंय राव."

बयाबाईची शेवटची दाढ पडली त्या वर्षी सावळेरामांनी मला बाजारातून आणलं. तिला राग आला. "मला म्हातारी ठरवायला आनलाय व्हय ह्यो?" असं म्हणून तिने मला पिशवीतच ठेवलं आणि दिवसभर नवऱ्याशी अबोला धरला. संध्याकाळी तल्लफ आली तेव्हा गुपचूप बाहेर काढलं. त्यानंतर मात्र तिने मला कधी दूर केलं नाही. पानाच्या शिरा काढायच्या, सुपारीचं खांड, कात, बोटाच्या टोकावर चुना, वर चिमूटभर तंबाखू, आणि मग तिचा तो ठराविक ताल. लग्नाला गेली तरी मी पिशवीत, दवाखान्यात गेली तरी मी पिशवीत. सावळेराम गेले तेव्हा बायका रडत होत्या आणि ही कोपऱ्यात बसून रिकाम्याच खलात बत्ता फिरवत होती. ते मी विसरलेलो नाही.

मला ती कधी धूत नसे. धुतला की चव जाते, असं तिचं म्हणणं. वर्षानुवर्षांचं पान माझ्या पोटात बसलं होतं. माझा आतला रंग पिवळा आहे हे मी स्वतःच विसरून गेलो होतो. त्याचा मला अभिमानही होता, लपवत नाही.

आता बयाबाईच्या मुलाबद्दल सांगतो, कारण ही हकिगत त्याच्या जबड्याची आहे. हौशीराम तिचा एकुलता एक. घरची शेती तो आणि त्याची बायको मंगल दोघं मिळून करतात, पण पंचक्रोशीत त्याला कुणी शेतकरी म्हणून ओळखत नाही. बैलगाड्यांच्या शर्यतीत स्पीकरवर पुकारणारा हौशीराम, अशीच त्याची ओळख. शर्यतीचा जो चढणीचा रस्ता असतो त्याला आमच्याकडे घाट म्हणतात. त्या घाटाच्या माथ्यावर उभा राहून तो गाडामालकांची नावं घ्यायचा, बैलांची नावं घ्यायचा, त्यांनी मागच्या साली कुठे काय पराक्रम केला ते सांगायचा. हातात कागद नाही, सगळं तोंडपाठ. तो असं काही बोलायचा की मालकालाही आपलाच बैल नव्याने आवडायला लागे. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर, चारही तालुक्यांतून त्याला बोलावणी यायची. एरवी घरात तो चार शब्दांच्या वर बोलत नसे. त्याचा खरा जीव स्पीकरवरच होता.

माघातल्या एका यात्रेत घात झाला. पहिला आलेला गाडा थांबला, लोकांनी बैलांवर भंडारा उधळला, आणि हौशीराम माईक घेऊन कौतुकाने बैलाजवळ गेला. भंडाऱ्याची मूठ बैलाच्या डोळ्यांत गेली. त्या मुक्या जिवाने मान झटकली आणि शिंगाचा तडाखा बसला तो हौशीरामच्या हनुवटीखाली. बैलाला राग नव्हता, डोळे चुरचुरले एवढंच. पण खालचा जबडा दोन ठिकाणी मोडला.

त्याचा जिवाभावाचा मित्र गेणभाऊ, ज्याचा स्वतःचा गाडा आहे, त्याने पिकअपमध्ये घालून त्याला मंचरला नेलं. ऑपरेशन झालं. घरी येऊन गेणभाऊने बयाबाईला सांगितलं ते मी फळीवरून ऐकलं.

"हाडाला पट्ट्या लावून स्क्रू मारल्यात. वरचं दात आन खालचं दात तारंनी एकमेकाला बांधल्यात. हाड लागंस्तवर तोंड उघडायचं न्हाई."

"आन बोलनं?" बयाबाईने विचारलं.

"बोलंल की. चैताच्या यात्रा तोच पुकारनार हाय, म्या सगळ्यांना सांगून बसलोय," गेणभाऊ म्हणाला, पण बोलताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

डॉक्टर होत्या समृद्धी मॅडम, तरुण बाई. त्यांनी मंगलला समजावून सांगितलेलं तिने घरी जसंच्या तसं सांगितलं. ऑपरेशनचं काम झालं आहे, आता पुढचं काम औषधांचं आहे. तोंडात जंतू असतात. ते हाडापर्यंत गेले की पू होतो, पट्टी सैल होते, हाड जुळत नाही. मग आवाजाचं काय होईल ते सांगता येत नाही. म्हणून जंतू मारायचं औषध वेळेवर, दुखण्याचं वेळेवर, आणि तोंड धुवायचं औषध प्रत्येक खाण्यानंतर. जबडा एकट्या हौशीरामचा होता, पण त्या घरात त्या दिवसापासून कुणालाच घास नीट उतरत नव्हता.

दात बांधलेल्या माणसाला भरवायचं कसं ते मी तेव्हा पाहिलं. सुई नसलेल्या सिरिंजला छोटी नळी लावायची, ती गालाच्या आतून मागच्या दाढेपाशी न्यायची आणि हळूहळू सोडायचं. नाचणीची पातळ पेज, गाळलेलं डाळीचं पाणी, आणि तशीच पातळ औषधं. पण जंतू मारायच्या पातळ औषधाने त्याच्या अंगभर गांधी उठल्या. मॅडमनी ते बंद करून दुसरं दिलं. ते गोळ्यांतच मिळत होतं. गोळी कुटून अगदी बारीक पूड करायची आणि पाण्यात कालवून द्यायची, असं त्यांनी सांगितलं.

मोठ्या खलबत्त्याला मिरचीचा वास. मंगलची नजर माझ्यावर आली.

तिने मला चिंच आणि मीठ लावून घासायला घेतलं. बयाबाई दारात उभी राहून बघत होती.

"मंगल, त्याची सगळी चव गेली गं."

"जाऊ द्या आत्याबाई. न्हाईतर ह्यांच्या पोटात तंबाकू जायचा."

काय सांगू तुम्हाला, किती वर्षांनी माझा तळ उघडा पडला. मला लाज वाटली. पण बयाबाईने पानाची डबी बंद करून देवापुढे ठेवली आणि सांगून टाकलं की पोरगं भाकरीचा तुकडा चावून खाईल त्या दिवशीच आपण पान खाऊ. तिची जिद्द सगळ्या गावाला माहीत होती, म्हणून कुणी वाद घातला नाही.

मग ती म्हणाली, "गोळी कुटायचं काम माझं. मला चुलीपुढं आता दिसत न्हाई, उचलाय-धराय जोर न्हाई. कुटाय तेवढं येतं." मंगलला बरंच वाटलं. कांदा काढणीचे दिवस होते, तिला रानात जावं लागत होतं. तिने सासूला समोर बसवून बजावलं, "ह्या गोळीसंगं दूध न्हाई, ताक न्हाई, दही न्हाई. आधी दोन तास न्हाई आन मागनं दोन तास न्हाई. मॅडमनी लई येळा सांगितलंय."

आणि बयाबाईने ते अक्षरशः पाळलं, मित्रांनो. शेजारीण मायेने दुधाचा तांब्या घेऊन आली तर हिने तिला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. गोळीची वेळ कधी चुकली नाही. पूड इतकी बारीक करायची की बोटाला लागू नये. माझ्या आयुष्यात इतकं मन लावून तिने पानसुद्धा कुटलं नव्हतं. आम्ही दोघं पुन्हा कामाला लागलो होतो आणि कामही कसं, पोराचा जबडा जोडायचं. मला वाटायचं, एवढ्यासाठीच मी ओतला गेलो असेन.

एके दिवशी गेणभाऊ आला. हौशीरामच्या उशाशी बसून मोबाईल काढला आणि बयाबाईला म्हणाला, "आये, ह्यो व्हिडिओ बगा. हाडाला चुना लई चांगला. गव्हाच्या दान्याएवढा, रोज. हाड लोखंडावानी व्हतं म्हनतोय."

बयाबाईने मोबाईलकडे पाहिलंही नाही. "मला व्हिडिओ कशाला पायजे? बारकी व्हते तवा माजा हात मोडला व्हता. माज्या आयनं चुनाच दिला व्हता. ह्यो बघ हात."

तिने हात पुढे केला. सुरकुतलेला पण सरळ हात होता. गेणभाऊने मान डोलावली. त्या हातापुढे कुणाची शंका टिकणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी मंगल रानात गेल्यावर बयाबाईने देवापुढची डबी उघडली. पान घेतलं नाही, कात घेतला नाही. करंगळीच्या टोकावर गव्हाएवढा चुना घेतला, माझ्या पोटात पडलेल्या गोळीवर ठेवला आणि दोन्ही एकत्र कुटलं. मला तर ओळखीचं माणूस भेटल्याचा आनंद झाला. चुन्याची आणि माझी जुनी दोस्ती. त्यात काही वावगं असेल हे मला कसं कळावं? मी पितळ. आणि बयाबाईला तरी कसं कळावं? दूध नको म्हटलं होतं, दूध नव्हतं. ताक नको म्हटलं होतं, ताक नव्हतं.

हौशीरामला पहिल्याच घोटाला चव कळली. त्याने डोळे वर करून आईकडे पाहिलं. बयाबाईने ओठांवर बोट ठेवलं.

"हाडासाठी हाय. मंगलला सांगू नगंस. ती डॉक्टरीनबाईला सांगंल, आन बाई हसंल आपल्याला, गावंढळ म्हनंल."

हौशीरामच्या हाताशी मोबाईल होता. मनात आणलं असतं तर त्यावर चार शब्द लिहून बायकोला दाखवता आले असते. त्याने डोळे मिटले आणि घोट गिळला. आईच्या हाताला नको म्हणायची त्याला सवय नव्हती. आणि खरं सांगायचं तर त्यालाही वाटलं असेल, चुनाच तो, पानातून जन्मभर खातोच की माणूस.

सुरुवातीला सगळं ठीक होतं. गालाची सूज उतरली. गेणभाऊ रोज येऊन कोणत्या घाटाची तारीख ठरली ते सांगायचा आणि हौशीराम मान हलवून ऐकायचा. मग एका सकाळी उजव्या बाजूची सूज पुन्हा दिसली. मंगल म्हणाली, झोपेत दाबलं असेल. दुसऱ्या दिवशी ती वाढली. मग ताप. दुखण्याचं औषध दिलं की थोडं बरं वाटे, म्हणून फसगत झाली. तोंड धुताना मंगल नाकाला पदर लावू लागली. तिने ते हौशीरामला दिसू नये म्हणून पाठ फिरवून केलं, पण त्याला दिसलं.

बयाबाईने काय केलं असेल? तिने आपल्या परीने विचार केला. हाड लागत नाही म्हणजे चुना कमी पडतोय. गव्हाच्या दाण्याचा हरभऱ्याचा दाणा झाला. सकाळी एक आणि संध्याकाळी मंगल रानातून यायच्या आत एक. ती कुटताना तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घ्यायची. घाईत बत्ता माझ्या कडेवर आपटायचा. जितकी सूज वाढे तितका चुना वाढे, आणि जितका चुना वाढे तितकी ती मनातून सावरायची की आपण काहीतरी करतो आहोत. आता ते आठवलं की माझा तळ गार पडतो.

एका दुपारी हौशीरामच्या हनुवटीखाली कातडी फुटली आणि शर्टावर पू ओघळला. मंगल कांद्याच्या हाताने धावत घरी आली. गेणभाऊची पिकअप दारात लागली. मंगलने पिशवीत कपडे कोंबले, औषधं टाकली, आणि तिथेही गोळ्या कुटाव्या लागतील म्हणून मलाही टाकलं. बयाबाई कुणी बोलवायच्या आधीच गाडीत जाऊन बसली होती. मंचरच्या अलीकडे कांद्याच्या गाड्यांची रांग लागली होती. पिकअप तिथे अडकली. पिशवीतून मला फक्त आवाज येत होते, हॉर्नचे आणि हौशीरामच्या नाकातून निघणाऱ्या कण्हण्याचे. गेणभाऊ खाली उतरून पुढच्या गाडीवाल्यांना हात जोडत होता. मंगल एकच गोष्ट पुन्हापुन्हा म्हणत होती, "एक बी गोळी चुकवली न्हाई मी, एक बी न्हाई."

दवाखान्यात समृद्धी मॅडमनी तारा कापल्या. तोंड उघडलं, पण बोटभरच. पू काढला, तपासायला पाठवला, जबड्याचा एक्स-रे फोटो काढला. तो त्यांनी उजेडाकडे धरून पाहिला. मग मंगलला म्हणाल्या, "एका बाजूचा स्क्रू सैल झालाय. त्या बाजूची पट्टी काढावी लागेल, कदाचित हाडाचा थोडा भागही. उद्याच करूया."

"ह्यांना बोलता यील ना?"

"बोलता येईल. पण पूर्वीसारखं बोलता येईल का, ते मी आज सांगू शकत नाही."

हौशीराम खाटेवर पडून छताकडे बघत होता. त्याने हे ऐकलं. त्याच्या डोळ्यांच्या कडेने पाणी कानाकडे गेलं.

मॅडम पुन्हा विचारू लागल्या. गोळ्या वेळेवर दिल्या का? मंगलने गोळ्यांची रिकामी पाकिटं खाटेवर ओतली. दूध दिलं का बरोबर? नाही. ताक? नाही. मॅडमनी कपाळाला हात लावला. "मग हे औषध या जंतूंना पुरं पडत नाहीये, असं दिसतंय. आता शिरेतून भारी औषध द्यावं लागेल."

तेव्हा कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेली बयाबाई उठली. मला तिने पिशवीतून काढून हातात धरलं होतं, मुलाच्या संध्याकाळच्या गोळीची वेळ झाली होती म्हणून. तिने अगदी अजिजीने विचारलं,

"डॉक्टरीनबाई, मग चुना आजून थोडा वाढवू का?"

मॅडमनी पुढे होऊन मला तिच्या हातातून घेतलं आणि आत पाहिलं. कडेला पांढरा चुना वाळून बसला होता.

"आजी, गोळीबरोबर चुना देत होता तुम्ही?"

"हाडासाठी. आदी गव्हाएवढा, मागनं हरभऱ्याएवढा."

मॅडम खाली बसल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. त्या हळू आवाजात सांगू लागल्या. दूध या गोळीबरोबर नको म्हटलं ते त्यातल्या कॅल्शियममुळे. चुन्यात तेच, आणि दुधापेक्षा कितीतरी जास्त. पोटात गेल्यावर ते औषधाला धरून ठेवतं. औषध रक्तात पुरेसं जातच नाही, तसंच बाहेर पडतं. सगळं याच्यामुळेच झालं असं नाही म्हणता येणार, जखमा अशाही चिघळतात. पण इतके दिवस जंतूंना मोकळं रान मिळालं असणार.

मंगल सासूकडे वळली. तिच्या तोंडातून काय निघालं असतं ते सांगवत नाही. त्याआधीच खाटेवरून आवाज आला. जाड, फुटका, ओठ न हलवता काढलेला आवाज. इतक्या दिवसांत त्याच्या तोंडून निघालेले ते पहिले शब्द.

"म्या… मागितला… आयला."

मंगल त्याच्याकडे बघतच राहिली. बयाबाई खाटेपाशी गेली आणि तिने लेकाच्या डोक्यावर हात ठेवला.

"खोटं बोलतोय मॅडम. त्यानं न्हाई मागितला. म्या घातला आन म्याच त्याला सांगू नगं म्हनले. तुमी दूध नगं म्हनलात, म्या दुधाचा थेंब दिला न्हाई. चुन्याचं कुनी बोललं न्हाई."

"नाही बोलले," समृद्धी मॅडम म्हणाल्या. "आणि मीही तुम्हाला विचारलं नाही, आजी."

गेणभाऊ दारात उभा होता. तो खाली मान घालून बाहेर निघून गेला.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. एका बाजूची पट्टी आणि हाडाची कड काढली. दुसऱ्या बाजूची पट्टी वाचली. शिरेतून औषधं चालू झाली, ताप उतरला. या वेळी तारांऐवजी रबरांनी दात बांधले, त्यामुळे दातांच्या फटीतून थोडं बोलता येत होतं. पण खालचा ओठ बधिर झाला होता. त्या ओठावर पेजेचा थेंब राहिला तरी हौशीरामला कळत नसे. मॅडम म्हणाल्या, ओठाची नस दुखावली आहे, काही महिन्यांत भान येईल किंवा येणारही नाही. घरी पाठवताना पुन्हा कुटून द्यायच्या गोळ्या दिल्या.

मी घरी आलो तो थेट खाटेखालच्या गोणपाटात गेलो. बयाबाईने मला हात लावला नाही. गोळ्या मंगल दोन चमच्यांच्या मध्ये दाबून चुरायची. पूड जाडी व्हायची, नळीत अडकायची, हौशीरामला ठसका लागायचा. बयाबाई ते ऐकायची आणि परसात जाऊन उभी राहायची. पान तर तिचं बंदच होतं. जेवणही अर्ध्यावर आलं. मंगल तिला घालूनपाडून बोलली नाही, पण बोलायचंही सोडलं. ते जास्त लागतं.

चैत्र आला. वाऱ्याबरोबर शेजारच्या गावच्या घाटाचे स्पीकर ऐकू यायचे. कुणा दुसऱ्याचा आवाज, घाईत नावं घेणारा. हौशीराम ओसरीवर बसून ऐकायचा आणि ओठ हलवून बघायचा. बैलाचं नाव चुकलं की त्याचा हात मांडीवर आपटायचा. एकदा त्याने मोठ्याने नाव घ्यायचा प्रयत्न केला. जे निघालं ते ऐकून तो स्वतःच दचकला आणि आत जाऊन पडला.

त्याच दिवसांत गल्लीत भंगारवाला आला. बयाबाईने गोणपाटातून मला काढलं, बत्त्यासकट. मला वाटलं काम आलं. तिने मला भंगारवाल्याच्या हातगाडीवर ठेवलं आणि त्याला म्हणाली, "घेऊन जा बाबा. काय देऊ नगंस." मोडीतून जन्मलो, मोडीत जाणार, म्हटलं. वाईट वाटलं ते त्याचं नाही. तिने मला ठेवताना माझ्याकडे पाहिलं नाही, त्याचं वाटलं.

हौशीराम ओसरीवरून उतरला. त्याने मला गाडीवरून उचललं, भंगारवाल्याला हाताने पुढे जायला सांगितलं, आणि आईला हाताला धरून आत आणलं. स्वयंपाकघरात त्याने मला नळाखाली धुतलं, पुसलं, तिच्या पुढ्यात ठेवलं आणि आत दुपारची गोळी टाकली.

"न्हाई," बयाबाई म्हणाली. "माजा हात लावू नगंस तुज्या औशिदाला."

"आये," तो दातांच्या फटीतून एकेक शब्द ओढून बोलू लागला, "चमच्यानं… ठसका लागतो. तूच कुट. फकस्त… इचारून."

मंगल ओट्यापाशी उभी होती. तिने मोबाईल उचलला, मॅडमचा नंबर लावला आणि स्वतः न बोलता सासूच्या हातात दिला. बयाबाईने मोबाईल दोन्ही हातांनी धरला.

"हॅलो. म्या बयाबाई, हौशीरामची आय. खलात गोळी हाय. खल धुतलाय, त्यात काय न्हाई. साधं पानी घालनार हाय. बाई, त्यानं सकाळी हळदीचं पानी पेलंय, देवाचा अंगारा बी लावलाय गालाला, आन कुनी दिलेला काडा हाय घरात, त्यो आजून दिला न्हाई. देऊ का नगं, हे बी सांगा. आन काय इचारायचं ऱ्हायलं आसंल तर ते बी तुमीच इचारा."

पलीकडून बराच वेळ मॅडम बोलत होत्या. बयाबाई हूं हूं करत होती. मग तिने मोबाईल ठेवला, काढ्याची पुडी मंगलच्या हातात दिली आणि बत्ता उचलला. पूड पूर्वीसारखीच बारीक झाली.

मित्रांनो, गोष्टीचा शेवट गोड करून सांगावा असं मलाही वाटतं. पण हौशीरामचा ओठ अजून बधिर आहे. चैत्राच्या यात्रा त्याच्याविना झाल्या. पुढच्या वर्षी तो घाटावर उभा राहील की नाही, ते समृद्धी मॅडमनाही ठाऊक नाही. गोळ्या मात्र वेळेवर चालू आहेत आणि त्या मी कुटतो.

तुमच्या घरी कुणी आजारी असेल, तर औषध जपून द्या, वेळेवर द्या, हे तुम्हाला सगळेच सांगतील. मी एवढंच सांगतो की औषधाबरोबर दुसरं जे काही पोटात जातं, ते सगळं डॉक्टरांना सांगा. चुना असो, काढा असो, आजीच्या डबीतलं काही असो. ते हसतील म्हणून लपवू नका. माझ्या बयाबाईला त्या दिवसांत कुणी एकदा पोटभर हसलं असतं, तर तिच्या लेकाचा जबडा कदाचित वाचला असता.